गोल भिंत

लवंगीला आपला धाकटा भाऊ आवडायचा, पण त्याची मतं आणि त्यानं बांधलेल्या इमारती या दोन्ही गोष्टी तिच्या घशाखाली उतरत नसत. त्यात त्यानं परक्या फौजेसाठी सभागृह बांधलं म्हटल्यावर तर बोलायलाच नको. तरी ती बोललीच. न बोलता राहील ती लवंगी कसली!

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चणीनं एवढीशी आणि जिभेनं जहाल, म्हणून नाटकवाल्यांनी ते ठेवलं आणि सगळ्या शहरानं उचललं. वर्षानुवर्षं ती आणि तिचा नवरा एकच फार्स करत आले होते. ती घरमालकीण, तो भाडेकरू. चार दिवसांसाठी आलेला हा भाडेकरू आधी तिची खुर्ची बळकावतो, मग पलंग, शेवटी दारावर स्वतःच्या नावाची पाटी ठोकतो, आणि ती दर प्रवेशात कमरेवर हात ठेवून विचारते, "पाहुणे, जाताय कधी?" बस्, एवढंच नाटक. विद्वानांनी त्याला थिल्लर म्हटलं आणि तिकिटाच्या रांगेत तेच विद्वान टोपी डोळ्यांवर ओढून उभे राहिले.

मग फौज आली. आल्या आल्या तिनं जुनं नाट्यगृह बंद केलं, नंतर ते पाडलं, आणि त्याच जागेवर नवं सभागृह उभं राहू लागलं. तीन वर्षं लवंगीच्या नवऱ्यानं तोंडाला रंग लावला नव्हता. बिचारा दाढी करताना आरशाला संवाद म्हणून दाखवायचा, आणि आरसा काही हसायचा नाही.

त्या दुपारी तो लसूण सोलत बसला होता आणि लवंगी त्याच्या पायजम्याची नाडी ओवत होती, तेवढ्यात भाऊ आला. दारातच म्हणाला, "ताई, परवानगी मिळाली! उद्घाटनाचा प्रयोग तुमचा."

नवऱ्याच्या हातातला लसूण घरंगळत पलंगाखाली गेला. "आमचा? खरंच?"

"खरंच, भावोजी. मेजरसाहेब स्वतः म्हणाले. सगळं शहर येईल."

लवंगीनं नाडीवरून डोळे उचलले नाहीत. "पुढचं बोल. तुझा चेहरा अर्ध्यावर थांबलाय."

भाऊ स्टुलावर बसला. "एक वाक्य कापलंय."

कोणतं, हे कुणी विचारलं नाही.

"आणि शेवटी तुला त्यांचा झेंडा हलवायचाय. प्रत्येक खुर्चीवर एकेक छोटा झेंडा ठेवणार आहेत. मेजरचं म्हणणं, लवंगीनं हलवला की मागचे हलवतील. सगळ्यांचे फोटो काढायचेत त्यांना."

झालं! लवंगीनं पायजमा भिरकावला. "अरे, झेंडा वाऱ्यानं हलतो. माणसाला धरून हलवावा लागला की समजावं, वारा आपल्या बाजूचा नाही."

"अगं, पण आपला होता तेव्हा तरी तू कुठं हलवायचीस?" नवऱ्यानं पलंगाखालून विचारलं.

"नव्हतेच हलवत! आपल्या मंत्र्यानं सांगितलं तेव्हा हलवला नाही, तो आता या उपटसुंभांसाठी हलवू? आणि तुम्ही आधी लसूण शोधा."

भावानं हात जोडले. "ताई, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"पाणी आपलं आहे. मासा बाहेरून आलाय. तू त्याला काचेची पेटी बांधून दिलीस."

"काच नाही, काँक्रीट आहे," भाऊ दुखावून म्हणाला. त्याला फौजेवरून बोललेलं चालायचं. इमारतीवरून बोललं की नाकाला मिरच्या झोंबायच्या. "उघडं काँक्रीट. त्याला प्रामाणिक साहित्य म्हणतात. जगभर असंच बांधतात आता."

"बाहेरून बघून आलेय मी. पाण्याची टाकी आडवी पडलीय आणि कुणी उचलायला आलं नाही, असं वाटतं."

"आणि आत एक कोपरा नाही म्हणे," नवरा लसूण घेऊन वर आला. "मागची भिंतसुद्धा गोल. नट बिचारा वाक्य विसरला तर तोंड लपवायचं कुठं?"

"गोल भिंत सुंदर दिसते!"

"हां, म्हणजे मासिकात बघितलीस," लवंगी म्हणाली, आणि भाऊ लाल झाला, कारण त्यानं ती खरोखरच मासिकात बघितली होती.

एरवी तो इथं भांडला असता. आज भांडला नाही. बराच वेळ स्टुलाच्या कडेवरचा रंग नखानं खरवडत राहिला. मग म्हणाला, "ताई, कार्यक्रमात काही गडबड झाली तर जबाबदारी माझी, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. सभागृह माझं, कलाकार माझी बहीण. गडबड झाली तर मला उत्तरेच्या छावणीत नेतील."

उत्तरेच्या छावणीतून गल्लीत आजवर एकच माणूस परत आला होता, घड्याळजी. तो अजून कुणाशी बोलत नव्हता. दुकान उघडून बसायचा आणि घड्याळांना हात लावायचा नाही.

लवंगीनं पायजमा उचलला, झटकला. "असली कामं घेतोसच कशाला रे गाढवा?" पण हे ती अगदी हळू म्हणाली, आणि प्रयोग करायचं ठरलं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी शहर खरोखरच लोटलं. लोकांना इमारत बघायची नव्हती, मेजरचं तोंड तर त्याहून नव्हतं. लोकांना पोट धरून हसायचं होतं. हसून किती दिवस झाले, तेच कुणाला आठवत नव्हतं. पुढच्या दोन रांगांत फौजेचे अधिकारी आणि त्यांच्या बायका. त्यांच्या मागे, थेट वरच्या सज्जापर्यंत, आपली माणसं. हातात किंवा मांडीवर तो छोटा झेंडा. करायचं काय त्याचं, हे कळत नसल्यासारखा.

मेजर रंगपटात येऊन गेला. इथली भाषा तो परीक्षा देऊन शिकला होता, त्यामुळे फारच शुद्ध बोलायचा. "हास्य हे उत्तम औषध आहे, बाई," तो म्हणाला.

"मग बेतानं घ्या हं," लवंगी म्हणाली. तो हसला. त्याला वाटलं, हा विनोद.

पडदा वर गेला. नवऱ्यानं पहिली एन्ट्री घेतली, पेटी आपटली, खुर्चीवर पाय टाकले. लवंगी नेहमीच्या जागी, रंगमंचाच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. इथं ते वाक्य यायचं. ते आता कापलेलं. पण फार्स म्हणजे घड्याळासारखं काम असतं बघा. एक दातेरी चाक काढलं की पुढचं सगळं घसरतं. त्या वाक्याच्या जागी तेवढीच उसंत गेली नाही, तर नवऱ्याचं उत्तर भलत्या वेळी पडणार. म्हणून जुने नट करतात तेच तिनं केलं. कापलेलं वाक्य ओठ न हलवता, तोंडातल्या तोंडात म्हटलं, फक्त ताल धरायला. शेजारच्या माणसालाही ऐकू गेलं नसतं.

आणि सभागृह फुटलं. हशा असा उसळला की नवरा खुर्चीतून उठून उभा राहिला. लवंगीनं आधी त्याच्या पायजम्याकडे बघितलं. नाडी जागेवर होती. मग हे हसतायत कशाला? पुढच्या दोन रांगा तर मख्ख. अधिकारी एकमेकांकडे बघतायत. आणि त्यांच्या मागे माणसं डोळे पुसतायत!

दुसऱ्या प्रवेशात ती पुन्हा तिथंच उभी राहिली, पुन्हा ताल धरला. पुन्हा तेच. सज्जातून शिट्टी आली. नवरा जवळ सरकून पुटपुटला, "अगं, काय चाललंय काय? मी काही केलं का?" त्यावरही लोक लोळले.

मध्यंतर झालं तसा भाऊ रंगपटात धडपडत आला. चेहरा चुन्यासारखा पांढरा. दार लावून म्हणाला, "ताई, ऐकू येतंय! तू जिथं उभी राहतेस ना मधोमध, तिथलं पुटपुटणंसुद्धा ऐकू येतंय. मागची गोल भिंत आवाज उचलते आणि थेट शेवटच्या रांगेत नेऊन ठेवते. तुम्हाला स्टेजवर कळत नाही, पुढच्या दोन रांगांच्या डोक्यावरून जातो, म्हणून अजून वाचलोय. चुकलं माझं. कोपरे ठेवायला हवे होते. चुकलं."

लवंगी क्षणभर बघत राहिली आणि मग तिला हसू आवरेना. "म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं बांधलंस की!"

भाऊ हसला नाही. तो जमिनीवरच बसला, रंगाच्या डब्यांमध्ये. लहानपणी वडील ओरडले की असाच बसायचा. लवंगीचं हसू विरलं. तिला त्याचा राग आला होता, तीन वर्षं येत होता. रस्त्यात कुणी विचारलं, "ते सभागृह तुमच्या भावाचं ना?" तर ती "कुठला भाऊ?" म्हणायची. पण शेवटी रक्ताचं माणूस ते. त्याला घड्याळजीसारखं गप्प बसलेलं बघायची तिची हिंमत नव्हती.

"ऊठ," ती म्हणाली. "त्या जागेवरून मी एक शब्द बोलणार नाही. शब्द देते."

"आणि झेंडा?"

"हलवते बाबा, हलवते." नवरा तिच्याकडे बघत होता. त्यानं नुसती मान हलवली.

दुसरा अंक पार पडला, म्हणजे कसाबसा ढकलला. लवंगी त्या जागेला वळसा घालून चालायची. लोक हसले, पण मघासारखे नाही. काहीतरी द्यायचं होतं ते दिलं नाही, असं तिचं तिलाच वाटत राहिलं. शेवटी भाडेकरूनं पाटी ठोकली, टाळ्या पडल्या, आणि मेजर दोन झेंडे घेऊन रंगमंचावर आला. त्याच्यामागे फोटोवाले. मेजर चालत आला तो मधोमध येऊन उभा राहिला. अगदी तिथंच.

लवंगी त्याच्या उजवीकडे, दोन पावलं बाजूला. त्यानं एक झेंडा तिच्या हातात दिला. तिनं घेतला. पुढे बेकरीवाला दिसत होता, शाळेतल्या बाई दिसत होत्या, सज्जात कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आली होती. सगळे तिच्या हाताकडे बघत होते. तिनं हात उचलायचं ठरवलं आणि हात उचलेना. खोटं नाही, तिला खरंच उचलायचा होता, भावासाठी. हातच ऐकेना.

मेजर फोटोवाल्यांकडे बघून हसत होता. त्याच हसण्यातून, ओठ न हलवता, तो अगदी हळू म्हणाला, "हलवा."

प्रयोगात नवरा उजेडाच्या बाहेर गेला की लवंगी त्याला कमरेचा एक धक्का देऊन जागेवर आणायची. तसंच मेजरलाही त्या जागेवरून बाजूला करणं तिला एका पावलात जमलं असतं. तो नेमका कुठं उभा आहे, हे तिच्या ध्यानात आलं होतं. भाऊ विंगेत उभा होता, हेही तिला माहीत होतं. आणि तिनं त्याला हलवलं नाही. उलट, आपल्या दोन पावलं बाजूच्या जागेवरून, तेवढ्याच हळू विचारलं, "मी हलवला आणि लोकांनी नाही हलवला तर?"

"लोक?" मेजरला गंमत वाटली. "बाई, तुमचे लोक फार सोपे आहेत. उंच भिंत दाखवली की आ वासून बघतात. विदूषक दाखवला की हसतात. हातात झेंडा दिला की हलवतात. तीन वर्षांत मला एवढंच पुरलं. बंदुका मी केवळ शोभेसाठी ठेवतो. आता हलवा. नाहीतर आज रात्री तुमच्या भावाला छावणीत पाठवतो, आणि उद्या हीच माणसं दुसरा विदूषक बघायला येतील."

पुढच्या दोन रांगांना काहीच ऐकू गेलं नाही. त्यांनी हसऱ्या मेजरसाठी टाळ्या वाजवल्या. मागे मात्र कुणी खोकलंही नाही. एवढी माणसं इतकी गप्प बसलेली लवंगीनं जन्मात पाहिली नव्हती, आणि पडलेली नाटकं तिनं काय कमी पाहिली होती!

मग बेकरीवाल्यानं आपला झेंडा मांडीवरून उचलला आणि खुर्चीखाली ठेवला. फेकला नाही, वापरून झालेला कप ठेवावा तसा ठेवला. शाळेतल्या बाईंनी ठेवला. त्यांच्या रांगेनं ठेवला. सज्जात नर्सनं आपला ठेवला, मग आईच्या हातातला काढून घेतला आणि तोही ठेवला. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. माणसं हाताची घडी घालून मेजरकडे बघत बसली, आणि त्यांच्यातलं कुणीही हसत नव्हतं.

मेजरनं झेंडा उंच धरून हलवला. पुढच्या दोन रांगांनी हलवला. फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला आणि काय टिपायचं ते न सुचून खाली घेतला.

लवंगी तेव्हा दोन पावलं आत आली, मेजरच्या शेजारी, त्या जागेवर. भावाला दिलेला शब्द तिनं मोडला, आणि मोडला तो पुटपुटून नव्हे. नाट्यगृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणाऱ्या तिच्या खणखणीत आवाजात मोडला. "हा घ्या," ती म्हणाली आणि झेंडा त्याच्या दुसऱ्या हातात कोंबला. "तुमचा आहे, तुम्हीच हलवा."

पडदा पाडला गेला. सभागृहाच्या मागच्या दाराशी फौजेचा दुभाषा शेवटी शेवटी येऊन उभा राहिला होता. तो धावत विंगेत आला आणि मेजरच्या कानाशी लागला. मेजरचा रंग आधी उडाला, मग दुप्पट परत आला. तरी माणूस हुशार. आवाज चढवला नाही. त्यानं भावाला समोर बोलावलं.

"माझा आवाज लोकांपर्यंत कसा गेला?"

भावानं रंगमंचामागच्या गोल भिंतीकडे बघितलं.

"माइक चालू राहिला असेल," मेजर म्हणाला. त्याला ते हवं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. माइकवाल्याला पकडायचं, वर कळवायचं, प्रकरण मिटलं. "माइक कोण सांभाळत होतं? नाव सांगा आणि घरी जा."

आता हा सांगणार, तिला वाटलं. आणि सांगितलं तर मी त्याला काय म्हणून दोष देऊ? मीच त्याला या तोंडी दिलंय.

"माइक बंद होता," भाऊ म्हणाला. "भिंतीनं नेला आवाज."

"म्हणजे भिंत चुकली?"

"नाही."

"मग?"

"तशीच बांधलीय," भाऊ म्हणाला. "इथं उभं राहून कुणी हळूच काही बोललं तर ते शेवटच्या माणसालाही कळावं, म्हणून. ती भिंत मी बांधलीय. दुसऱ्या कुणाचा तिच्याशी संबंध नाही."

खोटं! साफ खोटं! मघाशी रंगपटात जमिनीवर बसून "चुकलं, चुकलं" म्हणत होता. मासिकात बघून बांधलेली भिंत ती. लवंगीनं आयुष्यभर शेकडो नट खोटं बोलताना ऐकले होते, पण इतकं सुंदर खोटं तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

"त्याला काय विचारताय?" ती पुढे झाली. "बोलायला लावलं मी. प्रश्न मी विचारला. झेंडा मी परत दिला."

"ताई, तू गप्प बस."

"तूच गप्प बस. मोठी आहे मी."

"भिंत माझी आहे!"

"आणि तोंड माझं आहे!"

मेजर या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग त्यानं शिपायाला भावाकडे बोट दाखवलं आणि निघून गेला.

मागच्या बाजूला गाडी उभी होती. फाटकापलीकडे लोक थांबले होते, घरी गेले नव्हते. शिपायांनी "चला, चला" केलं, तशी ती माणसं एक पाऊल मागे सरली आणि परत पुढे आली. भावाला गाडीत बसवलं. शिपाई दार लावणार एवढ्यात लवंगी तोंडाचा रंगही न पुसता, घरमालकिणीच्या त्या भडक साडीसकट, वर चढली.

"बाई, उतरा. हुकूम फक्त यांच्या नावाचा आहे."

"मग जा, माझाही घेऊन ये. मी बसलेय."

शिपाई पोरगेला होता. त्यानं इकडे तिकडे बघितलं. पलीकडे नवरा येताना दिसला, एका हातात लवंगीची शाल, दुसऱ्या हातात मेहुण्यासाठी पाण्याची बाटली. तो गाडीशी आला, दोन्ही वस्तू आत दिल्या आणि म्हणाला, "मी इथंच उभा आहे. ही माणसंही उभी आहेत. कुणी जाणार नाही." आणि तो खरोखर फाटकाला पाठ लावून उभा राहिला.

गाडी सुरू झाली. आत अंधार होता. भाऊ आपल्या हातांकडे बघत बसला होता.

"घाबरलास?" लवंगीनं विचारलं.

"हो."

"मीही." तिनं शाल उलगडून अर्धी त्याच्या खांद्यावर टाकली. "सरक जरा. सगळी जागा अडवून बसलायस."